मराठवाड्याच्या अंगणात शोभेची बहुवर्षायू गवते : लागवड आणि निगा

बागेसाठी मुद्दाम गवत आणून लावायचे, ही कल्पना आपल्याकडे अजून अनेकांच्या पचनी पडत नाही. गवत म्हणजे खुरपून टाकायचे किंवा गुरांपुढे टाकायचे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे आणि बागेतले गवत म्हटले की डोळ्यांपुढे येते ती कापून सपाट केलेली हिरवळ. या लेखातली गवते या दोन्हींहून वेगळी आहेत. ती ठोंबाने वाढतात, एकदा लावली की वर्षानुवर्षे त्याच जागी राहतात, भाद्रपद-आश्विनात त्यांना तुरे येतात आणि मार्गशीर्षापासून पुढे ती सोनेरी, तांबूस किंवा फिकट बदामी रंगाची होऊन वाऱ्यावर डोलत राहतात.

मराठवाड्यासाठी हा बागेचा प्रकार मला सर्वांत योग्य वाटतो आणि त्याचे कारण पाणी हे आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा मुलखात उन्हाळाभर पाणी पिणारी हिरवळ राखणे मनाला पटत नाही. उलट बालाघाटाच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरउतारांवर कुसळी, शेडा, मारवेल ही गवते कोणी एक तांब्या पाणी न घालताही शतकानुशतके टिकून आहेत. त्यांच्या मुळ्यांचा पसारा जमिनीत खोलवर असतो. पाऊस संपला की ती वरचा पाला वाळू देतात आणि जीव बुंध्याशी राखून ठेवतात.

नवख्या माणसाने सर्वांत आधी समजून घ्यायची गोष्ट हीच आहे : वाळलेले गवत मेलेले नसते. मी पहिल्याच वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी शेड्याचे चार ठोंब वाळून कोळ झाले असे समजून उपटले. उपटल्यावर बुंध्याच्या जुन्या पापुद्र्यांखाली हस्तिदंती रंगाचे, तांदळाच्या दाण्याएवढे टणक कोंब दिसले, तेव्हा चूक लक्षात आली. पण तोवर मुळे तुटली होती आणि ते ठोंब पुन्हा लागले नाहीत. तेव्हापासून शंका आली की मी ठोंब उपटत नाही. एक काडी बुंध्यापर्यंत सोलून पाहतो. आतला भाग पांढरट व घट्ट असेल तर ठोंब जिवंत आहे. बोटांत चुरून भुगा होत असेल, तरच तो गेला असे समजावे. तोही निर्णय मृगाचे दोन पाऊस पडून गेल्यावर घ्यावा.

गवताची निवड

गवतांची नावे गावागणिक बदलतात, म्हणून खाली काही ठिकाणी शास्त्रीय नावही देत आहे. रोप किंवा ठोंब मिळवताना त्याचा उपयोग होईल.

मुरमाड, उथळ, उताराची जागा असेल तर कुसळी आणि शेडा यांचा विचार करावा. कुसळीचे शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस असे आहे. हे गवत गुडघा ते कमरेइतके वाढते आणि त्याची काळपट लांब कुसळे पक्व होताना शेंड्याशी एकमेकांत गुंतून वेणीसारखी होतात. या कुसळाची करामत प्रत्येकाने एकदा तरी पाहावी. सुटलेले एक कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले की ते सावकाश पीळ सोडत फिरू लागते आणि वाळताना पुन्हा पीळ घेते. दव आणि ऊन यांच्या आलटून-पालटून येण्याने ते असेच फिरत राहते व टोकाचे बी जमिनीत रुतवते. मात्र हेच टोक कपड्यांत, कुत्र्याच्या कातडीत आणि शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडातही रुतते. त्यामुळे कुसळी पायवाटेपासून दूर लावावी आणि घरात लहान मुले किंवा जनावरे असतील तर बी पक्व होण्यापूर्वी तुरे कापून टाकावेत. माझ्या मते अशा घरी शेडाच लावलेला बरा. शेडा म्हणजे सेहिमा नर्व्होसम. त्याचा ठोंब बारीक पात्यांचा आणि आटोपशीर असतो आणि हिवाळ्यात त्याला सुरेख फिकट सोनेरी रंग येतो.

काळ्या भारी जमिनीसाठी मारवेल हे पहिले नाव. त्याची ओळख सोपी आहे : काडीच्या प्रत्येक पेऱ्यावर बारीक पांढऱ्या केसांचे कडे असते आणि तुरा हाताच्या पसरलेल्या बोटांसारखा, जांभळट छटेचा असतो. हे मुळात उत्तम चाऱ्याचे गवत आहे आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याचे चाऱ्यासाठी सुधारित वाणही दिले आहेत, त्यामुळे चारापिके घेणाऱ्या शेतकऱ्यांकडे त्याचे ठोंब सहज मिळतात. कमी पावसाच्या भागात, म्हणजे बीड जिल्ह्याचा पश्चिम भाग किंवा पैठण-गंगापूरकडे, अंजन गवत फार चांगले येते. त्याचे तुरे मऊ, केसाळ आणि शेपटीसारखे असून कोवळेपणी त्यांवर जांभळी झाक असते.

उंची हवी असेल तर वाळा आणि रोशा. वाळा पुरुषभर उंच होतो, त्याच्या मुळ्या आडव्या न पसरता सरळ खाली जातात आणि चांगल्या जमिनीत तीन-चार मीटर खोल उतरतात. त्यामुळे तो शेजारच्या झाडांना त्रास देत नाही, बांधाची माती धरून ठेवतो, चार दिवस पाणी साचलेले सोसतो आणि अवर्षणही सोसतो. या प्रदेशात एकच शोभेचे गवत लावायचे झाले, तर मी वाळा निवडेन. रोशाची पाने चुरगळली की गुलाबासारखा वास येतो आणि पावसाळा सरताना त्याचे तुरे तांबूस होतात. गवती चहा बहुतेक घरी असतोच. त्यालाही परसातल्या कोपऱ्यातून काढून वाफ्याच्या कडेला मानाची जागा द्यायला हरकत नाही.

रोपवाटिकांत मिळणाऱ्या परदेशी गवतांबाबत मात्र सावध राहावे. जांभळ्या पानांचे फाउंटन ग्रास देखणे असते आणि त्या वाणाला सहसा रुजणारे बी धरत नसल्यामुळे ते निर्धोकही आहे. त्याचे हिरव्या पानांचे मूळ रूप मात्र बियांनी झपाट्याने पसरते आणि अनेक देशांत ते उपद्रवी तण ठरले आहे. मी एका रोपवाटिकेतून जांभळे म्हणून आणलेली रोपे पुढे हिरवी निघाली आणि दोन पावसाळ्यांत त्यांची पिल्ले अंगणातल्या फरशीच्या सांध्यांतून उगवू लागली. म्हणून नवे कोवळे पान दारूच्या रंगाचे, गडद लालसर जांभळे आहे का, हे पाहूनच रोप घ्यावे. पंपास गवत मूळचे दक्षिण अमेरिकेचे. त्याची पाने करवतीसारखी धारदार असतात आणि आपल्या उन्हाळ्यात त्याला बरेच पाणी लागते. निळसर पानांचे, चेंडूसारखे दिसणारे फेस्क्यू गवत थंड हवेचे आहे. ते आपल्या ४२ अंशांच्या उन्हात टिकत नाही, त्यावर पैसे घालवू नयेत.

नदीकाठचा कास भाद्रपद-आश्विनात गोदावरीच्या पात्रालगत पांढराशुभ्र फुलतो, तेव्हा तो घरी आणावा असे कोणालाही वाटेल. परंतु तो जमिनीखालील खोडांनी पसरतो आणि एकदा बागेत शिरला की काढता निघत नाही. तो नदीकाठीच पाहावा.

जागा

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा निवडावी. सावलीत ही गवते लांबट, लुळी होऊन आडवी पडतात. शक्य असल्यास ओट्यावर किंवा पडवीत संध्याकाळी जिथे बसणे होते, तिथून पश्चिमेच्या बाजूला ती लावावीत. मावळतीचे ऊन तुऱ्यांच्या मागून आले की प्रत्येक केस उजळतो. हीच गवते पूर्वेला लावली तर संध्याकाळी ती साधीच दिसतात.

दोन धोके मात्र डोळ्यांआड करू नयेत. वाळलेला ठोंब चटकन पेट घेतो, म्हणून तो भिंत, लाकडी दार, गोठा, कडब्याची गंजी आणि गॅसच्या टाकीपासून किमान तीन-चार मीटर दूर असावा. दिवाळीत फटाके त्या बाजूला उडवू नयेत. दुसरा धोका सापांचा. दाट ठोंबाखाली उंदीर आणि बेडूक येतात आणि त्यांच्यामागे नाग किंवा घोणस येऊ शकतो. त्यामुळे दाराजवळ, मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ आणि रात्रीच्या वाटेवर ठोंब लावू नयेत, ठोंबाभोवतीची हातभर जागा मोकळी ठेवावी आणि गवतात हात घालण्यापूर्वी काठीने ते नेहमी हलवून घ्यावे.

जमिनीची तयारी

ही तयारी मे महिन्यातच करावी. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरून ठेवते. मारवेल आणि वाळ्याला याचे काही वाटत नाही, पण कुसळी, शेडा आणि अंजन यांचे बुंधे अशा साचलेल्या पाण्यात कुजतात. त्यांच्यासाठी खड्डा खोदून त्यात मुरूम भरणे ही सर्वांत मोठी चूक ठरते, कारण चहूबाजूंच्या काळ्या मातीतले पाणी त्या खड्ड्यात उतरते आणि त्याची विहीर होते. त्याऐवजी जमिनीच्या वर वीतभर उंचीचा गादीवाफा करावा. त्यात दोन भाग मुरूम, एक भाग माती आणि थोडे पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. मुरमाड जमिनीत एवढे काही करावे लागत नाही. तिथे हातभर लांब-रुंद-खोल खड्डा खोदून त्यात अर्धे घमेले शेणखत घातले की पुरे.

खताच्या बाबतीत हात आखडताच ठेवावा. आपण शेतात जसे युरियाने पीक हिरवेगार करतो, तसे या गवतांना केले तर पाने भराभर वाढतात, काड्या पोकळ व कमजोर होतात आणि ऐन तुऱ्याच्या वेळी सगळा ठोंब मधून फाकून जमिनीवर पडतो. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक-दोन ओंजळी शेणखत किंवा गांडूळखत पुरेसे आहे.

शेतातली माती बागेत आणू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तिच्याबरोबर लव्हाळ्याच्या गाठी, हरळीच्या कांड्या आणि कुंद्याची मुळे येतात आणि ठोंबाच्या पोटात शिरलेली हरळी ठोंब उपटल्याशिवाय निघत नाही. जागेवर आधीच हरळी असेल तर मे महिन्याच्या कडक उन्हात टिकावाने खोल खणून कांड्या वेचून काढाव्यात आणि लागवड घाईने उरकण्याऐवजी एक पावसाळा पुढे ढकलावी.

लागवड

मृग नक्षत्र साधारण ७-८ जूनला लागते, पण पहिल्याच सरीला भुलून लागवड करू नये. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर खोल भिजली आणि नंतर वाफसा आला, म्हणजे मूठभर माती दाबली तर तिचा गोळा होतो पण हाताला चिकटत नाही, अशा वेळी लावावे. तिथपासून जुलैअखेरपर्यंतचा काळ उत्तम. ऑगस्टमध्ये लावलेली रोपेही लागतात, पण हिवाळ्याआधी मुळे खोल जायला त्यांना कमी अवधी मिळतो.

ठोंबाचा एक तुकडा म्हणजे तीन ते पाच फुटवे आणि त्यांना जोडलेल्या मुळ्या. लावण्यापूर्वी पाने वीतभर ठेवून वरची कापावीत आणि मुळ्या चार बोटे ठेवून छाटाव्यात. पाने तशीच ठेवली तर तुकडा मुळे धरण्याआधीच वाळतो. बुंधा जमिनीच्या पातळीला असावा. तो खोल गाडला तर कुजतो आणि उघडा राहिला तर उन्हाने सुकतो. माती टाचेने हलके दाबावी आणि पाऊस असला तरी एकदा तांब्याभर पाणी घालावे, म्हणजे मुळांभोवतीची पोकळी भरते.

दोन ठोंबांतले अंतर त्या गवताच्या पूर्ण उंचीइतके ठेवावे : शेडा, मारवेल, अंजन यांना दोन ते अडीच फूट, रोशाला चार फूट, वाळ्याला पाच फूट. बांधासाठी किंवा कुंपणासाठी वाळ्याची सलग ओळ हवी असेल तर मात्र वीतभर अंतर पुरे. पहिल्या वर्षी हे अंतर फार वाटते आणि मधली जागा भकास दिसते. तिथे झेंडू किंवा तीळ पेरावा. पण गवत जवळजवळ लावू नये, कारण तिसऱ्या वर्षी त्यातले निम्मे काढावे लागते. कायमची सोबत हवी असेल तर पिवळ्या फुलांचा तरवड या गवतांबरोबर फार शोभतो आणि त्यालाही पाणी लागत नाही.

गच्चीवर कुंडीत लावायचे असेल तर चौदा इंचांची कुंडी घ्यावी आणि मारवेल, गवती चहा किंवा जांभळे फाउंटन निवडावे. वाळा कुंडीत रमत नाही. कुंडीतल्या गवताला उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी द्यावेच लागते.

पहिले वर्ष

पहिला पावसाळा तणांचा असतो. लहान गवत आणि तण यांत नवख्याचा गोंधळ होतो, म्हणून प्रत्येक ठोंबाशेजारी काडी रोवून ठेवावी. लव्हाळा ओळखण्याची खूण अशी की त्याची काडी बोटांत फिरवली तर तीन धारा लागतात. आपल्या गवताची काडी गोल किंवा किंचित चपटी असते. पंधरा-पंधरा दिवसांनी तीन खुरपण्या केल्या की भाद्रपदापर्यंत ठोंब स्वतःच्या सावलीने तण दाबू लागतात. पावसाने जुलै-ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांची दडी मारली, तर या वर्षापुरते आठवड्यातून एकदा पाणी द्यावे.

हस्ताचा पाऊस संपल्यावर खरी कसोटी लागते. पहिल्या हिवाळ्यात व उन्हाळ्यात दर दहा दिवसांनी प्रत्येक ठोंबाला पाच-सहा लिटर पाणी सावकाश द्यावे. रोज थोडे-थोडे शिंपडू नये. त्याने मुळे वरच्या चार बोटांतच राहतात आणि पुढच्या उन्हाळ्यात ठोंब परावलंबी होतो. दुसऱ्या वर्षापासून शेडा, कुसळी, अंजन व मारवेल यांना पाण्याची गरज उरत नाही. मार्च ते मे या काळात महिन्यातून एकदा दिले तर बुंधा ताजा राहतो, न दिले तरी ते जगतात. वाळा, रोशा, गवती चहा आणि फाउंटन हिरवे ठेवायचे असतील तर त्यांना आठ-दहा दिवसांनी पाणी लागेल. त्यासाठी आंघोळीचे किंवा भांडी विसळलेले पाणी आळ्यात सोडले तरी चालते.

उन्हाळ्यात वाळवीकडे लक्ष असू द्यावे. ओल धरण्यासाठी पाचटाचे आच्छादन केले असेल तर ते बुंध्यापासून चार बोटे दूर ठेवावे. बुंध्यावर मातीचा मुलामा दिसला तर तो खरडून टाकावा आणि तिथे एकदा भरपूर पाणी द्यावे.

कापणी केव्हा करावी

या विषयावर शेजारी-पाजाऱ्यांचा दबाव फार येतो. पौष उजाडला की प्रत्येक जण म्हणतो, हे वाळलेले काढून का टाकत नाही? ते काढू नये. वाळलेला पाला एप्रिल-मेच्या उन्हात बुंध्यावर सावली धरतो, पक्षी त्यातले बी टिपतात, मुनिया घरट्यासाठी त्याची पाती नेतात आणि हिवाळ्यातली बागेची सारी शोभा त्याच पाल्यात असते. कापणी रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मेच्या अखेरच्या आठवड्यापासून मृगाच्या पहिल्या पावसापर्यंत करावी. त्याहून उशीर झाला तर जुन्या पाल्यातून नवे कोंब वर येतात आणि विळ्याखाली त्यांचे शेंडे कापले जातात. घर अगदी जवळ असल्यामुळे आगीची भीती वाटत असेल, तर तेवढे दोन-चार ठोंब होळीपूर्वी कापावेत आणि उघड्या बुंध्याभोवती थोडे आच्छादन करावे.

कापण्याची रीत अशी. आधी काठीने ठोंब चांगला झोडून घ्यावा आणि जाड हातमोजे व बूट घालावेत. मग ठोंबाला कमरेशी सुतळीने घट्ट पेंढीसारखे बांधावे आणि धारदार विळ्याने खालून कापावे. सगळा पाला एका पेंढीत हातात येतो आणि अंगणभर कचरा होत नाही. लहान गवते चार-पाच बोटे ठेवून कापावीत, वाळा आणि रोशा वीतभर ठेवून. त्याहून खाली गेल्यास वाढीचे कोंबच कापले जातात. ठोंब जाळून साफ करण्याचा मार्ग घराजवळ कधीही वापरू नये. ठोंबाच्या मधला भाग हळूहळू धुमसत राहतो आणि बुंधा आतून मरतो. कापलेला पाला झाडांच्या आळ्यांत आच्छादन म्हणून टाकावा. फक्त कुसळीचा पाला तुऱ्यांसह टाकू नये.

विभागणी

तिसऱ्या-चौथ्या वर्षी ठोंबाचा मधला भाग विरळ होऊन कडेने गोल कड्यासारखी वाढ दिसू लागते. हा रोग नाही, ठोंब म्हातारा झाल्याची ती खूण आहे. कापणी झाल्यावर, दोन पाऊस पडून माती मऊ झाली की ठोंबाभोवती गोल खणावे, पहार तिरकी घालून तो उचलावा आणि जमिनीवर आडवा टाकून कुऱ्हाडीने चार तुकडे करावेत. शेड्याचे तुकडे हातानेही होतात, पण वाळ्याला कुऱ्हाडच लागते आणि दोन माणसेही. मधला लाकडासारखा झालेला भाग टाकून द्यावा आणि कडेचे पांढरे कोंब असलेले तुकडे वर सांगितल्याप्रमाणे छाटून नव्याने लावावेत. एकाच वर्षी सगळे ठोंब उकरू नयेत. दर वर्षी एक तृतीयांश घेतले तर बाग कधी उघडी पडत नाही.

जे तुकडे उरतील ते भिजवलेल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवावेत आणि ज्यांना हवे आहेत त्यांना त्याच दिवशी द्यावेत. ओल्या पोत्यात दोन दिवस ते टिकतात. तिसऱ्या दिवशी मुळ्या काळवंडू लागतात.